जुन्या पेठेतला रस्त्यावरचा भाजीबाजार ओसरत चाललाय, तो पुन्हा कसा भरवायचा?

गावठाण_चौक:

नमस्कार मंडळी. शहराच्या जुन्या भागातल्या एका भाजीबाजाराबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

रस्ता उत्तर-दक्षिण आहे. एका टोकाला चौक, दुसऱ्या टोकाला बसथांबा, लांबी साधारण १५० मीटर. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पायऱ्यांमधलं अंतर ९ मीटर. पूर्वी इथे पथाऱ्या आणि हातगाड्या मिळून सव्वाशेच्या आसपास बसायच्या, आता ५५ उरल्यात. त्याही सलग नाहीत. दोन पथाऱ्या, मग दुचाकींची रांग, मग एक फळांची गाडी, मग पुन्हा दुचाकी. सकाळी थोडी वर्दळ असते, संध्याकाळी मात्र माल कोमेजलेला आणि गिऱ्हाईक तुरळक. सोडून गेलेले बरेच जण सोसायट्यांच्या फाटकांसमोर किंवा मोठ्या रस्त्यावर टेम्पो लावून विकतात.

आता ४०० मीटरवर दुमजली मंडई बांधून सगळ्यांना तिथे ओटे द्यायचा प्रस्ताव पुढे आला आहे. विक्रेत्यांत दोन तट पडलेत. काहींना डोक्यावर पक्कं छप्पर हवंय, काहींना जागा सोडायची भीती वाटते. विक्रेत्यांची संघटना, आजूबाजूचे रहिवासी आणि काही दुकानदार मिळून महापालिकेला पर्यायी आराखडा द्यायचं ठरतंय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बाजार आहे त्याच रस्त्यावर सावरता येईल का? येत असेल तर जागेची आखणी कशी करायची? आणि मंडईच्या प्रस्तावाला उत्तर देताना कायद्याचा आधार कोणता घ्यायचा?

फूटपट्टी:

आखणीच्या आधी मोजणी करा. "बाजार ओसरला" एवढ्यावर कोणताही अधिकारी हलत नाही, आणि तुम्हालाही दुखणं नेमकं कुठे आहे ते कळत नाही.

तीन दिवस निवडा: एक बाजाराचा वार, एक साधा वार आणि एक रविवार. महिनाअखेर आणि सणाचा आठवडा टाळा. सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळात दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करा. दर तासातली पहिली १५ मिनिटं मोजायची आणि चारने गुणायचं. तीन रकाने पुरतात: नुसते जाणारे, एखाद्या तरी पथारीपाशी थांबणारे, आणि पिशवीत भाजी घेऊन बाहेर पडणारे. दुचाकीवरून न उतरता भाजी घेणारे वेगळे मोजा, कारण त्यांच्यासाठी उपाय वेगळा आहे.

हे आकडे बोलके असतात. तासाला ६०० माणसं जाताहेत आणि ४० च थांबताहेत, तर दोष मालात, दरात किंवा मांडणीत आहे. मुळात ९० च जाताहेत, तर वाटच बदलली आहे: बसथांबा सरकला, रस्ता एकेरी झाला, शाळेचं फाटक दुसरीकडे उघडलं, असं काहीतरी. पहिल्या आजारावर छप्पर घालून उपयोग नाही आणि दुसऱ्यावर दरफलक लावून.

विक्रेत्यांचा नकाशाही तासागणिक बदलतो, म्हणून सकाळी ८ आणि संध्याकाळी ७ असे दोन नकाशे काढा. विजेच्या खांबांना क्रमांक द्या आणि प्रत्येक पथारी कुठल्या खांबापासून किती मीटरवर, दर्शनी रुंदी किती, माल कोणता, एवढं टेपने मोजून लिहा. सोडून गेलेल्यांनाही गाठा. ते बहुतेक अर्ध्या-एक किलोमीटरच्या आतच सापडतील. त्यांना एकच प्रश्न विचारा: "परत यायला काय हवं?" उत्तरात दुचाकी, लघवीची सोय आणि संध्याकाळचा उजेड या तीनच गोष्टी वारंवार आल्या, तर आराखडा अर्धा तिथेच झाला.

५५ पथाऱ्या १५० मीटरवर विखुरल्यात, हे मला सगळ्यात घातक वाटतं. गिऱ्हाईक एकीकडून येतं, चार पथाऱ्या बघतं, पुढे २० मीटर मोकळं दिसलं की बाजार संपला असं समजून वळतं. पलीकडच्या पथाऱ्यांपर्यंत ते पोचतच नाही. आधी सगळे एकत्र दाटीने बसवा. जागा कमी पडू लागली की मगच पुढे सरका.

कलम_अठरा:

कायद्याचं सांगतो. आधार आहे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. महाराष्ट्राचे नियम २०१६ चे आणि योजना २०१७ ची आहे. तुमच्या कामाच्या तरतुदी अशा:

कलम ३ प्रमाणे दर पाच वर्षांनी निदान एकदा सर्व पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. सर्वेक्षणात सापडलेल्या सर्वांना पथविक्री क्षेत्रात सामावून घ्यायचं असतं. त्याची मर्यादा त्या प्रभागाच्या, विभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के.

कायद्यात "नैसर्गिक बाजार" अशी व्याख्याच आहे: जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत आणि नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून ज्याला स्थानिक प्राधिकरणाने तसं ठरवलं आहे, तो बाजार. पहिल्या अनुसूचीनुसार अस्तित्वात असलेला नैसर्गिक बाजार ना-पथविक्री क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. केवळ गर्दी हेही त्याचं कारण होऊ शकत नाही. अस्वच्छतेचं कारण द्यायचं तर ती फक्त विक्रेत्यांमुळेच होते आणि महापालिकेच्या नेहमीच्या उपायांनी दूर होत नाही, हे दाखवावं लागतं. ही अनुसूची छापून आराखड्याला जोडा. अनेक बैठकांत ती कुणी उघडलेलीच नसते.

समितीचे अध्यक्ष आयुक्त असतात. तीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. स्थलांतर समितीच्या शिफारशीनेच करता येतं, आणि कलम १८ प्रमाणे आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त झाला तर कलम १९ प्रमाणे यादी द्यायलाच हवी. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा दोन कामकाजी दिवसांत सोडायचा असतो.

करायचं काय, तर आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून चार गोष्टी मागा: शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख, या रस्त्यावरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी, समितीच्या शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं, आणि मंडईच्या प्रस्तावाचा समितीपुढचा ठराव. उत्तराची मुदत ३० दिवस. तोवर विक्रेत्यांकडच्या जुन्या बाजार फीच्या पावत्या गोळा करा, प्रती काढून वर्षानुसार लावा. बाजार परंपरेने भरतो हे सिद्ध करायला पावतीइतका चांगला कागद दुसरा नाही. मग संघटनेमार्फत आयुक्तांकडे अर्ज द्या: हा रस्ता नैसर्गिक बाजार म्हणून निश्चित करण्याचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा. पोच घ्यायला विसरू नका.

इथे चूक होते ती अशी. लोक आंदोलनाचं निवेदन देतात, त्यात मागण्या वीस असतात आणि कलम एकही नसतं. अर्ज एक पानाचा, मागणी एक आणि जोडपत्रं भरपूर, असं ठेवा.

आणखी एक. प्रमाणपत्र विकता किंवा भाड्याने देता येत नाही. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर ते पती-पत्नीकडे किंवा अवलंबून असलेल्या मुलाकडे जाऊ शकतं. तुमच्या ५५ मध्ये कुणी दुसऱ्याच्या नावावर बसत असेल तर ते आताच नीट करून घ्या. सर्वेक्षणात नेमकं तिथेच अडतं.

गावठाण_चौक:

फूटपट्टी, कलम_अठरा, मनापासून आभार. मोजणीचे तक्ते उद्याच छापून घेतो. पावत्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, बऱ्याच जणींकडे त्या पिशवीत बांधून ठेवलेल्या आहेत. जागेच्या आखणीबद्दल कुणी सांगेल का? दुकानदारांची मुख्य तक्रार "दुकान झाकलं जातं" ही आहे आणि ती खोटी नाही.

पागोळी:

९ मीटरची विभागणी सरळ बसते. दुकानाच्या पायरीपुढे १ मीटर मोकळा पट्टा, मग १.५ मीटर खोलीचा पथारीचा पट्टा, मध्ये ४ मीटर वाट, पुन्हा १.५ आणि १. बेरीज ९. मधली वाट ४ च्या खाली नेऊ नका. बाजाराच्या वेळी ती चालण्याची, आणि आग लागली किंवा रुग्णवाहिका आली तर तीच गाडीची.

भाजीच्या पथारीला दर्शनी १.५ मीटर लागतात. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात १ मीटर बाय १ मीटर जागेचा उल्लेख केला होता, म्हणून काही ठिकाणी तेवढेच चौकोन आखले जातात. त्यात टोपल्या, काटा आणि बसणारी बाई मावत नाही. मग माल पुढे सरकतो आणि तेच अतिक्रमण ठरतं. आखणीच तोकडी असेल तर रोजचं भांडण आपण आखून ठेवलं असं समजा.

चार पथाऱ्यांचा गट, म्हणजे ६ मीटर, आणि मग १.५ मीटरची फट. ती दुकानाच्या दारासमोर आली पाहिजे. दुकान दिसतं आणि गिऱ्हाईक आत जातं. गट आणि फट मिळून ७.५ मीटर, म्हणजे १५० मीटरमध्ये एका बाजूला २० गट. बोळांची तोंडं, फाटकं, रोहित्र वगळून दोन्ही बाजूंना मिळून १३० च्या आसपास जागा निघतील. जुने सगळे परत आले तरी पुरतील. सध्याचे ५५ जण सात गटांच्या लांबीत, म्हणजे ५० ते ५५ मीटरमध्ये, समोरासमोर बसतात. फूटपट्टी म्हणतात ती दाटी हीच. सुरुवात बसथांब्याच्या टोकाकडून करा.

हातगाडी साधारण सहा फूट बाय साडेतीन फूट असते. ती पथाऱ्यांच्या मध्ये घुसवली तर मागच्या बाईचा माल झाकला जातो. गाड्यांचा गट वेगळा ठेवा, चौकाच्या टोकाला.

दुचाकींचा प्रश्न पाटी लावून सुटत नाही. उभी दुचाकी जवळजवळ एका पथारीची जागा खाते आणि दिवसभर उभी राहते. तिच्या मालकाने इथे काही घेतलं असेल किंवा नसेलही. दोन्ही टोकांना काढता येतील असे खांब रोवा, दोन खांबांत १.५ मीटर मोकळं. हातगाडी आणि चाकाची खुर्ची आत जाते, मोटार जात नाही. दुचाकी मात्र जाते, म्हणून बाजाराच्या वेळेत तिथे माणूस लागतोच. खांबांच्या कुलपाची एक किल्ली अग्निशमन केंद्रात द्या. शंभर मीटरच्या आत अर्ध्या तासाची दुचाकी उभी करायची जागा आधी दाखवा, मग रस्ता बंद करा. क्रम उलटा झाला तर पहिल्याच आठवड्यात दुकानदार विरोधात जातात.

आता ओटे. मोठी चूक म्हणजे कमरेएवढे ओटे बांधणं. विकणाऱ्या बाईला दिवसभर उभं राहावं लागतं, ती दोन दिवसांत ओट्यापुढे खाली बसते आणि ओट्याचं गोदाम होतं. कट्टा ४० ते ४५ सेंटीमीटरचा ठेवा. मांडी घालून बसता येतं, गिऱ्हाइकाला फार वाकावं लागत नाही आणि पावसाचं पाणी मालाला लागत नाही. पैसे नसतील तर १५ सेंटीमीटरचा सलग उंचवटाही चालेल. उतार गटाराकडे, पन्नास सेंटीमीटरला एक सेंटीमीटर. फरशी गुळगुळीत नको. कोबीचा पाला आणि पाणी एकत्र आलं की पॉलिश केलेल्या दगडावर माणूस आडवा होतो. छिन्नीने टाके मारून खरबरीत केलेली फरशी किंवा झाडू फिरवून खरबरीत केलेलं काँक्रीट घ्या. गटारावरची झाकणं उचलता येतील अशी, आणि पाणी गटारात पडायच्या आधी पाला अडवणारी जाळी. जाळी रोज साफ होईल इतकी सोपी हवी. स्क्रूने घट्ट बसवलेली जाळी पहिल्या पावसात तुंबते.

सावलीसाठी पक्क्या छपराची घाई नको. जमिनीत ४५ सेंटीमीटर खोल पाइपाची खोबण बसवा, तळाला खडी घाला म्हणजे पाणी मुरतं, वर झाकण. तीत छत्रीचा दांडा उभा राहतो, संध्याकाळी निघतो. छत्रीची खालची कड २.२ मीटरच्या वर हवी, नाहीतर डोक्याला लागते. निळी ताडपत्री वापरू नका. निळ्या उजेडात टोमॅटो काळपट आणि मेथी शिळी दिसते, पांढऱ्या कापडाखाली रंग खरा दिसतो. ताडपत्रीच्या दोऱ्या विजेच्या खांबाला बांधणं तर पूर्ण बंद करा.

तुमचा रस्ता उत्तर-दक्षिण आहे, त्याचा फायदा घ्या. दुपारनंतर पश्चिमेकडच्या इमारतींची सावली आधी पश्चिमेच्या कडेवर पडते. पालेभाजी त्या बाजूला. मेथीच्या जुड्या देठं खाली करून ओल्या गोणपाटावर उभ्या लावल्या आणि हाताने पाणी शिंपडत राहिलं तर संध्याकाळपर्यंत टिकतात. त्याच जुड्या समोरच्या कडेला चारच्या उन्हात ठेवल्या तर तासाभरात माना टाकतात. कांदा, बटाटा, लसूण, भोपळा उन्हाच्या बाजूला, त्यांचंही थेट ऊन छत्रीने अडवा.

दर २०-२५ विक्रेत्यांमागे एक पिण्याच्या पाण्याचा नळ. स्वच्छतागृह १०० मीटरच्या आत, स्त्रियांसाठी वेगळं, पहाटे पाच ते रात्री दहा उघडं. या सोयीअभावी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात आणि दुपारी पथारी आवरून घरी जातात. संध्याकाळचा बाजार का भरत नाही याचं एक कारण सरळ इथे आहे.

विजेसाठी दुकानातून ओढलेल्या वायरी नकोत. संघटनेच्या नावे एक मीटर, प्रत्येक गटाला एक जलरोधक पेटी, ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक ब्रेकर. प्रत्येक पथारीला ९ ते १२ वॅटचा एलईडी दिवा, ४००० केल्विनचा (म्हणजे फार पिवळा नाही, फार निळाही नाही) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ८० च्या वरचा. स्वस्त निळसर पांढऱ्या दिव्याखाली पालेभाजी मेलेली दिसते.

भल्या_पहाटे:

आखणी उत्तम आहे. पण ती नुसती कागदावर करून बाजार भरणार नाही, धंद्याचं गणितही बसायला हवं. तुमचा बाजार सकाळवर उभा आहे आणि गिऱ्हाईक संध्याकाळी घरी येतं. विक्रेता पहाटे चारला घाऊक बाजारातून माल उचलतो आणि तोच संध्याकाळी सातला विकायला बघतो. पंधरा तासांचा पालक कोण घेणार?

उपाय म्हणजे दुपारचा दुसरा माल. आठ-दहा जणांनी मिळून एक टेम्पो ठरवायचा, जवळच्या गावांतून दुपारी तोडलेली पालेभाजी चारच्या सुमारास रस्त्यावर उतरवायची. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला, त्यामुळे शेतकरी गटाकडून थेट माल घेण्यात अडचण नाही. सुरुवात मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू एवढ्यावरच करा. क्रेटमध्ये आणा. गोणीत दाबून आणलेली कोथिंबीर आतून तापते आणि काळी पडते.

मालाची मांडणी करताना घाऊक बाजारासारखे एकाच भाजीचे दहा जण शेजारी बसवू नका, आणि एकाच कोपऱ्यात सगळंही कोंबू नका. पालेभाजी आणि फुलं बसथांब्याच्या तोंडाशी, त्यांना बघून पाय वळतो. फळभाज्या मध्ये. कांदा-बटाटा, नारळ यांसारखं जड सामान दुचाकी लावायच्या बाजूला, कारण ते शेवटी घेतलं जातं. मिरची-आलं-लिंबू-कढीपत्ता विकणारे तीन-चार ठिकाणी विखरून. भाजीखेरीज मोड आलेली कडधान्यं, ताजं खोबरं, सोललेला लसूण, निवडलेली गवार, चिरलेली भाजी असा माल हवा. संध्याकाळी कामावरून येणाऱ्या बाईला निवडलेली गवार दोन रुपये जास्त देऊनही हवी असते. चिरलेला किंवा शिजवलेला माल विकणाऱ्याने अन्नसुरक्षेची नोंदणी करावी. उलाढाल लहान असेल तर परवाना लागत नाही, नोंदणी पुरते.

एकच रस्ता वेळ वाटून घेऊ शकतो हेही लक्षात ठेवा. अहमदाबादच्या माणेक चौकात दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आणि रात्री खाण्याच्या गाड्या भरतात. तुमच्याकडे दुकानं बंद झाल्यावर रात्री नऊनंतर खाद्यपदार्थांच्या सहा-आठ गाड्या एका टोकाला चालतील. भाजीवाल्यांच्या जागा मात्र त्यांनी घ्यायच्या नाहीत. खाण्याचा धंदा जास्त भाडं सोसतो आणि भाजी हळूहळू बाहेर ढकलली जाते.

वजनकाट्यावर बाजाराची अब्रू असते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून शिक्का घ्यावा लागतो, तागडी आणि वजनांची दर २४ महिन्यांनी. सगळ्यांची एकाच दिवशी शिबिर लावून करून घ्या, आणि चौकात एक सामाईक काटा ठेवा, कुणीही येऊन पिशवी तोलून बघावी. पावकिलोला वीस ग्रॅम मारणारा एकच माणूस असतो, पण बदनाम सगळा रस्ता होतो.

भांडवलाचं बघा. सकाळी ९०० हातात घेऊन संध्याकाळी १,००० परत करण्याच्या व्यवहारात माणूस अडकला की तो चांगला माल उचलूच शकत नाही, उरलेला स्वस्त माल उचलतो. पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेचे हप्ते आता १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपये आहेत. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान, योजना ३१ मार्च २०३० पर्यंत. प्रमाणपत्र नसेल तर महापालिकेचं शिफारसपत्र चालतं. कलम_अठरा यांनी सांगितलेली यादी इथेही उपयोगी पडेल.

मंडईबद्दल स्पष्ट सांगतो. ४०० मीटर कागदावर थोडे वाटतात, पण बसमधून उतरून घरी जाणारी बाई तेवढं आडवाटेला जात नाही. वरचा मजला तर मुळीच चालत नाही, कोबीची पोती कोण चढवणार आणि पावकिलो मिरचीसाठी कोण चढणार? पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून उभी आहे. ती टिकली कारण ती पेठांच्या ऐन मध्यात आहे, तळमजल्यावर आहे आणि चहूबाजूंनी आत शिरता येतं. तरी तिच्याही बाहेर पथाऱ्या असतातच. ती इमारत बांधायचीच असेल तर शीतगृह, वजनकाटे-टोपल्या ठेवायची जागा, स्वच्छतागृह आणि दुचाकी उभ्या करायला वापरा, असा प्रतिप्रस्ताव द्या.

ओंजळ:

कचऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून थोडं. १२० लिटरचं चाकांचं पिंप दर आठ पथाऱ्यांमागे एक. भाजीच्या कचऱ्याने भरलं की ते पन्नास-साठ किलोचं होतं, एक माणूस ढकलू शकतो. २४० लिटरचं मागवू नका, ते भरल्यावर एकट्याला ढकलणं जड जातं आणि मग अर्धं भरून सोडलं जातं. उचल दोनदा: सकाळी ११ आणि बाजार उठल्यावर. फ्लॉवरचा पाला आणि मक्याची सालं वेगळ्या क्रेटमध्ये ठेवली तर जवळचे गोठेवाले नेतात, पिंपं अर्धी रिकामी राहतात. त्यात दोरे, रबर आणि प्लॅस्टिक जाऊ देऊ नका, जनावरांच्या पोटात जातं.

भल्या_पहाटे यांच्या एका मुद्द्याला जोड देते. राज्याच्या कृषी पणन मंडळाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, तिथे शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकतात. तसा बाजार तुमच्या जवळच्या मैदानात वेगळ्या वारी भरू लागला, तर त्या दिवशी पालेभाजीवाल्या बायकांचा धंदा जातो. त्याला विरोध करण्यापेक्षा शेतकरी गटालाच तुमच्या रस्त्यावर बोलवा. मधल्या रिकाम्या ९५ मीटरमध्ये आठवड्यातून एक दुपार, ३ ते ८. त्या दिवशी रस्ता टोकापासून टोकापर्यंत भरलेला दिसेल, आणि रोज बसणाऱ्यांना दुपारचा दुसरा माल तिथेच मिळेल. दोघांचे दर आणि जागा आधी लेखी ठरवा.

भल्या_पहाटे:

ओंजळताई, हे टेम्पोपेक्षा चांगलं आहे, टेम्पोचं भाडंही वाचेल. एकच सांभाळा: शेतकऱ्यांच्या नावाने व्यापारी येऊन बसतात. सातबाऱ्याची प्रत आणि गटाचं पत्र बघितल्याशिवाय जागा देऊ नका, आणि उसातल्या गावाहून द्राक्षं आली तर विचारा.

गावठाण_चौक:

सगळ्यांचे खूप आभार. संघटनेच्या बैठकीत ठरलं ते असं: मोजणी येत्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी. मोजणी झाली की चुन्याने सात गट आखून चार आठवडे करून बघायचं, कट्टे-खांब काहीही पक्कं न करता. दुकानदारांना फटी त्यांच्या दारासमोर येतील असं नकाशावर दाखवलं, तेव्हा पाचपैकी चौघांनी सही दिली.

एक अडलंय. बसवताना चिठ्ठ्या टाकाव्यात असं काहींचं म्हणणं आहे.

पागोळी:

चिठ्ठ्या माणसांच्या नका टाकू, गटांच्या टाका. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या चौघी एकत्रच राहू द्या. एक जेवायला गेली की दुसरी तिची पथारी बघते, सुटे पैसे देते, आणि कायमचं गिऱ्हाईकही त्याच क्रमाने शोधत येतं. आखल्यावर प्रत्येक जागेचा क्रमांक, नाव आणि मालाचा प्रकार असा तक्ता दोन्ही टोकांना लावा. चुना पहिल्याच पाण्याने जातो, पिवळा ऑइलपेंट वापरा.